जांभ्यातली पपई: फळं ओबडधोबड, चव पाणचट. खतात नेमकं काय कमी-जास्त होतंय?

रानवाट | ३ ऑगस्ट, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या पुढे डोंगराच्या उतारावर आमची रेड लेडी जातीच्या पपईची दीडशे झाडं आहेत. गेल्या ऑक्टोबरात लावली, सहा बाय सहा फुटांवर, गादीवाफा करून. ठिबक आहे. झाडं बघाल तर दृष्ट लागेल अशी: बुंधा जाड, पानं काळपट हिरवी. जुलैपासून पहिली फळं उतरायला लागली आणि तक्रारी सुरू झाल्या.

१) बऱ्याच फळांना टेंगळं आहेत. एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने चेपलेली.
२) चव पाणचट. गर लगेच लिबलिबीत होतो.
३) खालच्या फळांच्या वर खोडावर हात-दीड हात जागा मोकळी आहे, त्याच्या वर पुन्हा बारकी फळं.

खत असं: लागवडीला शेणखत, नंतर दर महिन्याला झाडाला ५० ग्रॅम १९:१९:१९ आणि ५० ग्रॅम युरिया. माती तपासून घेतली होती. सामू (pH) ५.२, सेंद्रिय कर्ब जास्त, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) कमी, बोरॉन कमी. अहवाल घेऊन दुकानात गेलो तर दुकानदाराने तो उघडलासुद्धा नाही, सरळ 'पपई स्पेशल किट' पुढे सरकवलं. पाच बाटल्या, किंमत ऐकून परत आलो. कुठून सुरुवात करू?

---

तेरेखोलकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

फोटो दिसत नाहीयेत, पुन्हा टाका. टेंगळं आमच्या पेडण्यातही यंदा पाहिली. एकाने सांगितलं व्हायरस, उपटून टाक. दुसऱ्याने सांगितलं बोरॉन, फवार. उपटायच्या आधी खात्री कशी करायची, हे कुणी सांगेल का?

---

मातीमोल | ३ ऑगस्ट, रात्री १०:२५

नोकरीभर कृषी खात्याच्या जिपा आणि लोकांची भाटं (बागा) फिरलो, तेव्हा थोडं लांबेल. चालवून घ्या.

वेडंवाकडं फळ दिसलं की तीन संशयित असतात.

पहिला रिंग स्पॉट व्हायरस. याचा पुरावा फळाआधी पानात मिळतो. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी-हिरवी कबरी होतात, पुढे पातं आकसून दोरीसारखं बारीक होतं. पानाच्या देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेल सांडल्यासारखे गडद ओघळ दिसतात. फळावर गोल कडी उमटतात, बांगडी टेकवून काढल्यासारखी. असं झाड कुठल्याही खताने बरं होत नाही.

दुसरा बोरॉन. पानं बहुधा स्वच्छ असतात. कोवळ्या फळाच्या सालीतून चीक आपोआप पाझरतो आणि डिंकाच्या थेंबांसारखा वाळतो. फळ कापा: ज्या बाजूने चेपलंय त्या बाजूचं बी पोचट, पांढरं, न भरलेलं असतं. बी भरलं नाही की त्या बाजूचा गर वाढत नाही, दुसरी बाजू मात्र फुगत राहते. टेंगळाचं कारण एवढंच.

तिसरा थंडी आणि नत्र (नायट्रोजन). उभयलिंगी झाडावर कळी घडत असताना रात्री गार, जमीन ओली आणि नत्राची चंगळ असेल तर पुंकेसरच बीजकोशाला चिकटून वाढतात. फळाला खोल उभ्या खाचा पडतात. तुमच्या सत्तरी तालुक्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात, त्यामुळे हाही डोक्यात ठेवा.

रानवाट, एक फळ आडवं कापून फोटो टाका. आणि पानं नीट बघा, लांबून नव्हे, शेंड्याखाली उभं राहून वर बघा.

---

रानवाट | ४ ऑगस्ट, सकाळी ७:५०

पावसातच जाऊन आलो. तीन फळं कापली. दोन फळांत तुम्ही म्हणता तसंच: चेपलेल्या बाजूला बी तांदळाच्या कणीएवढं, पांढरं, दाबलं तर पोकळ. फुगीर बाजूला काळं, टपोरं. सालीवर पिवळट खड्यांसारखा वाळलेला चीक, नखाने निघतो. पानं साफ आहेत.

पण कुंपणाच्या कडेची दोन झाडं वेगळी आहेत. पानं कबरी आणि देठावर ते तेलकट ओघळ. तिकडच्या फळावर कडीही दिसली.

---

मातीमोल | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

ती दोन आजच काढा. मुळासकट उपटा आणि बागेबाहेर नेऊन पुरा. उघड्यावर टाकू नका. रोग मावा नेतो. एका झाडावर सोंड टोचून दुसऱ्यावर टोचायला त्याला मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून माव्यावर फवारून हा रोग आटोक्यात येत नाही. कुंपणावर काय चढवलंय? पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक कुंपणावर दोडकी, काकडी, चिबूड असतोच. या वेलांवरही तो व्हायरस राहू शकतो आणि मावा तर हमखास असतो. पपईच्या शेजारी वेल नको.

बाकीच्या झाडांना बोरॉन. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे: चौथ्या आणि आठव्या महिन्यात झिंक सल्फेट ०.५ टक्का आणि बोरिक अ‍ॅसिड ०.१ टक्का यांची फवारणी. म्हणजे लिटरला ५ ग्रॅम आणि १ ग्रॅम. नुसत्या झिंक सल्फेटने कोवळी पानं करपतात, म्हणून त्याच्या निम्मा विरघळवलेला चुना टाकून, गाळून घ्यायचं. तुमच्या झाडांचा आठवा महिना उलटलाय, तरी उघाड मिळाली की घ्या. टेंगळं आलेली फळं सरळ होणार नाहीत, ती गेली. पपईत बोरॉन जुन्या पानातून उठून नव्या फळात फारसा जात नाही, त्यामुळे पुढची फळं नीट हवीत तर त्यांच्या वेळी तो पुन्हा मिळायला हवा.

आणि कृपा करून 'एक ग्रॅमने काय होतंय' म्हणून पाच टाकू नका. बोरॉनची कमतरता आणि बोरॉनचं विष यांत फार अंतर नसतं. पानांच्या कडा करपल्या की समजा जास्त झालं.

---

वजनकाटा | ४ ऑगस्ट, दुपारी १:०५

टेंगळांचं झालं. आता पाणचटपणा. हिशोब मांडू.

दहा महिन्यांत १९:१९:१९ झालं ५०० ग्रॅम. त्यातून नत्र ९५, स्फुरद ९५, पालाश ९५ ग्रॅम.
युरिया ५०० ग्रॅम, ४६ टक्क्यांनी नत्र २३० ग्रॅम.
एकूण झाडामागे नत्र ३२५, स्फुरद ९५, पालाश ९५.

आपल्याकडच्या बहुतेक शिफारशी वर्षाला झाडामागे नत्र २०० ते ३००, स्फुरद तेवढंच आणि पालाश २५० च्या पुढे, काही ठिकाणी ५०० पर्यंत जातात. म्हणजे तुमच्या झाडाला नत्र वर्ष संपायच्या आत वरच्या टोकापलीकडे गेलंय आणि पालाश निम्माही नाही. बुंधा जाड, पानं काळपट आणि गर लिबलिबीत, हे सगळं या एका ओळीत बसतं. नत्राने पेरं लांबतात, फळं एकमेकांपासून दूर लागतात, गर सैल होतो. पालाश मात्र पानात तयार झालेली साखर फळापर्यंत पोचवायला लागतो.

पाच बाटल्यांच्या किटबद्दल: लेबलवरचे टक्के बघा आणि बाटलीच्या वजनाने गुणा. दीडशे झाडांत भागलं की झाडाच्या वाट्याला पालाश चिमूटभर येतो. सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारणीतून भागतात, पालाश नाही. तो जमिनीतूनच द्यावा लागतो.

---

कुळागरातली | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

सावईवेऱ्यात आमच्या कुळागरात सुपारीच्या कडेने पपई कायम असते. कुणी कधी युरिया दाखवला नाही. शेण, चुलीची राख, पाचोळा. फळं मधासारखी. तुम्ही लोक ग्रॅम मोजत बसता.

---

वजनकाटा | ४ ऑगस्ट, दुपारी ४:१५

काकू, तुमची किती झाडं आणि वर्षाला झाडाला शेण किती पाट्या?

---

कुळागरातली | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

आठ-दहा झाडं. शेण मोजून कोण घालतो? गोठ्यातलं जातं सगळं. वीसेक किलो तर सहज, जास्तच.

---

वजनकाटा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

मग तुम्हीही खत देताच, फक्त पावती नाही. :) चांगल्या कुजलेल्या शेणखतात ढोबळ मानाने नत्र ०.५, स्फुरद ०.२, पालाश ०.५ टक्के धरतात. वीस किलोंत नत्र १००, स्फुरद ४०, पालाश १०० ग्रॅम. राखेतून आणखी पालाश, शिवाय चुना आणि थोडा बोरॉनही. तुमच्याकडे नत्र-पालाश जोडीने जातात, म्हणून गोडी टिकते. पण दीडशे झाडांना अख्खी मात्रा शेणातून द्यायची तर झाडाला ४०-५० किलो, म्हणजे सहा-सात टन शेणखत. सत्तरीत ट्रकचा भाव आणि ते डोंगरावर चढवायची मजुरी विचारून बघा.

रानवाट, राख मिळत असेल तर जरूर घाला, फक्त युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर कालवू नका. अमोनिया उडून जातो, नाकालाच कळतं.

---

कुळागरातली | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३५

बरं बाबा. पण पाचोळ्याचं आच्छादन सोडू नका म्हणावं. उघड्या जांभ्यावर काहीही घातलं तरी पहिल्या सरीला खालच्या भाटकाराच्या शेतात जातं.

---

मातीमोल | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

काकूंचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. आणि त्या अहवालातला सामू ५.२ कुणी विचारातच घेतला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला जांभा लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेला. आम्लता वाढली की हे दोघे स्फुरदाला धरून बसतात. घातलेल्या ९५ ग्रॅम स्फुरदातलं झाडाला किती मिळालं असेल याचा अंदाज करा. दुसरं, या मातीची अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद कमी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. वाळपई तर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी. नत्र, पालाश, बोरॉन, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं धुपतं. वर युरियासारख्या नत्रखतांनी सामू आणखी खाली जातो. म्हणजे खत जितकं नुसत्या नत्राचं, तितकी पुढच्या वर्षी माती जास्त आंबट.

म्हणून आधी चुना. डोलोमाइट मिळालं तर उत्तम, त्यात मॅग्नेशियमही येतं. किती, ते माती तपासणीवरून. जुने गोव्याला इला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेच कृषी विज्ञान केंद्रही आहे. अहवाल घेऊन जा, विभागीय कृषी कार्यालयातही सांगतील. चुन्याच्या दोन-तीन आठवडे पुढेमागे युरिया नको.

दोन इशारे. सामू ६ ते ६.५ झाला की थांबा. चुना अति झाला की बोरॉन आणि जस्त दोन्ही झाडाला मिळेनासे होतात. बोरॉन कमी असलेल्या मातीत भरमसाट चुना म्हणजे टेंगळांना आमंत्रण. आणि स्फुरदासाठी आपल्या आंबट मातीत रॉक फॉस्फेट चांगलं चालतं, ही आम्लता तिथे कामाला येते. लागवडीच्या खड्ड्यात शेणखतात मिसळून द्यायचं. मात्र चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच वेळी नको, चुन्याने ते विरघळायचं थांबतं.

---

मधलीआळी | ५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी शेतकरी नाही. म्हापशाच्या बाजारात फळं विकतो. जुलै-ऑगस्टला कुणाचीही पपई आणा, गिऱ्हाईक नाक मुरडतंच. तीच बाग मार्चमध्ये साखर देते. सगळं खतावर ढकलू नका. आणि हॉटेलवाल्यांना टिकाऊ माल हवा म्हणून शेतकरी हिरवी काढतात आणि मग म्हणतात पिकली पण गोड नाही.

---

मातीमोल | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

मधलीआळी, अगदी बरोबर. यामागचं कारण फार जणांना माहीत नसतं. केळी-आंब्यात काढताना स्टार्च भरपूर असतो, घरात पिकताना त्याची साखर होते. पपईत स्टार्च जवळपास नसतोच. साखर येते ती पानांकडून, फळ झाडावर असताना, आणि बहुतेक शेवटच्या चार-सहा आठवड्यांत. हिरवं काढलं तर घरी मऊ होईल, पिवळं होईल, गोड होणार नाही. टोकाकडून पिवळी पट्टी उठली की काढा, लांब पाठवायचं असेल तरी त्याच्या आधी नाही.

म्हणून गोडीत पालाश हा एक भाग. बाकी ऊन आणि पानं. ऑगस्टच्या ढगात पान काम तरी किती करणार? पावसाळ्यातल्या फळाची चव बघून खताचा निकाल लावू नका. जानेवारी-फेब्रुवारीचं फळ बघा. आणि 'हवा खेळू दे' म्हणून हिरवी पानं छाटणारे असतात, त्यांना बागेत घेऊ नका. फक्त पिवळी, लोंबलेली काढायची.

---

तेरेखोलकाठ | ५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

खोडावरच्या मोकळ्या जागेचं राहिलं. आमच्याकडे दुकानदार म्हणाला फुलगळ, टॉनिक मारा.

---

वजनकाटा | ५ ऑगस्ट, दुपारी १२:४५

पपईचं खोड म्हणजे झाडाची चोपडी, खालून वर वाचायची. प्रत्येक पानाच्या बगलेत फूल. वाढ चांगली असेल तर आठवड्याला साधारण दोन पानं, फूल ते पिकलेलं फळ पाचेक महिने. आज पिकतंय ते फेब्रुवारी-मार्चचं फूल. त्याच्या वरची मोकळी जागा म्हणजे एप्रिल-मे. त्याच्या वरची बारकी फळं पाऊस लागल्यावरची. खताला विचारू नका, मे महिन्याला विचारा.

उभयलिंगी झाडाच्या फुलात कडक उन्हाळा आणि पाण्याचा ताण मिळून बीजकोश वाढतच नाही, ते फूल नरासारखं वागतं आणि गळून जातं. मादी झाडात हे होत नाही. रानवाट, गोल फळाच्या झाडांवर मोकळी जागा आहे का, तेवढं सांगा. रेड लेडीत लांबट फळ उभयलिंगी, गोल फळ मादी.

---

रानवाट | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५५

बघून आलो. गोल फळांच्या झाडांवर फळं सलग आहेत! मोकळी जागा जवळजवळ सगळी लांबट फळांच्या झाडांवर. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला होता आणि ठिबक दिवसाआड चालू होतं.

---

वजनकाटा | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

मिळालं उत्तर. टॉनिकचे पैसे टाकीला लावा.

---

एक_आगाऊ | ५ ऑगस्ट, रात्री ११:३०

पपई आणली पोर्तुगिजांनी, व्हायरस आणला माव्याने, आणि बिल भरतो रानवाट. चालू द्या.

---

तेरेखोलकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ८:१५

पालाशसाठी काय वापरायचं, म्युरेट ऑफ पोटॅश की सल्फेट ऑफ पोटॅश? आमच्या विहिरीला एप्रिलनंतर मचूळ पाणी येतं. किमतीत बराच फरक आहे.

---

मातीमोल | ६ ऑगस्ट, सकाळी १०:००

सत्तरीच्या डोंगरावर म्युरेट खुशाल वापरा. त्यातला क्लोराईड पहिल्या पावसात निघून जातो. तुमच्याकडे पाणीच खारट असेल तर उन्हाळ्यात म्युरेट टाळा, आधीच मिठाने त्रासलेल्या मुळांवर आणखी भार पडतो. तिथे सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, ५० टक्के पालाश आणि गंधकही मिळतं. पैसे वाचवायचे तर पाऊस संपता संपता, गोडं पाणी असताना म्युरेट आणि फेब्रुवारीनंतर सल्फेट, अशी विभागणी करा.

आणखी एक. पालाश एकदम वाढवला की मॅग्नेशियम मागे पडतं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की समजायचं. डोलोमाइट घातलं असेल तर सहसा वेळ येत नाही, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का फवारा.

---

रानवाट | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पुढचा बेत लिहितो, चिरफाड करा.

उघाड मिळाली की जस्त-बोरॉन फवारणी, ती पुढे पुन्हा.
सप्टेंबरअखेरपर्यंत युरिया बंद.
आत्ता लगेच झाडाला ४०० ग्रॅम म्युरेट, म्हणजे कमी पडलेला पालाश एकदम भरून निघेल.
पावसानंतर डोलोमाइट. मग ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं खत) एकत्र, फळ घट्ट व्हायला.

---

वजनकाटा | ७ ऑगस्ट, रात्री १०:०५

तिसरी आणि चौथी ओळ खोडा.

ऑगस्टच्या पावसात ४०० ग्रॅम म्युरेट म्हणजे म्हादई नदीला पालाश घालणं. पपईची मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात, तिथून खाली गेलं ते गेलं. आणि जे राहील ते एका जागी साचून मुळं भाजेल. पावसात द्यायचंच तर उघाडीत, ओल असताना ३०-४० ग्रॅम, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल रिंगणात, मातीने झाकून. बुंध्याला लागून कधीही नाही, खोडकुजीला तेवढंच निमित्त पुरतं. गादीवाफ्याचे चर आधी उघडे करा. पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी उभं राहिलं तर खताची चर्चाच संपली.

कॅल्शियम नायट्रेट फळाच्या घट्टपणाला चांगलं. पण स्फुरद किंवा सल्फेटवाल्या खताबरोबर एका टाकीत नको. तळाला पांढरा साका बसेल आणि ड्रिपर बुजतील. वेगवेगळ्या दिवशी सोडा. त्यातही नत्र १५.५ टक्के असतं, ते हिशोबात धरा.

---

मातीमोल | ७ ऑगस्ट, रात्री १०:४०

पावसानंतरचं वेळापत्रक सोपं ठेवा. कोईमतूरचीच ठिबकची शिफारस अशी: झाडाला दिवसाला १० लिटर पाणी, आठवड्याला १३.५ ग्रॅम युरिया आणि १०.५ ग्रॅम म्युरेट ठिबकमधून, आणि दर दोन महिन्यांनी ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट जमिनीतून.

---

वजनकाटा | ७ ऑगस्ट, रात्री १०:५५

गुणून पाहिलं. वर्षाचा युरिया ७०२ ग्रॅम, म्हणजे नत्र ३२३. म्युरेट ५४६ ग्रॅम, म्हणजे पालाश ३२८. सुपर १८०० ग्रॅम, १६ टक्क्यांनी स्फुरद २८८. तिन्ही तीनशेच्या आसपास, ठीक. रानवाटांच्या बाबतीत पहिले चार-पाच महिने युरिया निम्मा, म्युरेट पूर्ण. आधीचं नत्र भरपूर झालंय आणि मातीत कर्बही जास्त आहे.

हे आठवड्याचं मापटं किरकोळ वाटतं, पण पपई एका वेळी वाढते, फुलते आणि फळही पोसते. तिला सणासुदीला जेवण आणि एरवी उपास चालत नाही. उन्हाळ्यातली साठवण टाकी केली नाहीत तर मात्र पुढच्या मेमध्ये हाच धागा वर येईल.

---

कुळागरातली | ८ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आणि दीडशे झाडांना एकदम सगळं करू नका. दोन ओळी आहेत तशा ठेवा, म्हणजे फरक कळेल. हे लोक हुशार आहेत, पण माती तुमची.

---

रानवाट | १९ डिसेंबर, रात्री ८:४५

धागा वर आणतोय. कडेची दोन झाडं त्याच आठवड्यात काढली होती, ऑक्टोबरात आणखी एक निघालं. दोडक्याचा वेलही काढला, आई अजून बोलते. जस्त-बोरॉन दोनदा झालं. ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात धरलेली फळं आता हाताएवढी आहेत. टेंगळं अगदी मोजक्या फळांना. काकूंच्या सांगण्यावरून सोडलेल्या दोन ओळींत मात्र तिथल्या फळांवर चीक आत्ताही दिसतो. फोटो खाली.

डोलोमाइट नोव्हेंबरात पसरलं, इलाला सांगितलं त्या मापाने. म्युरेट आठवड्याला चालू आहे. नवीन पेरं आखूड झालीत, फळं जवळजवळ लागताहेत. गोडीचं फेब्रुवारीत सांगेन, तोवर गिऱ्हाइकाला काही बोललेलो नाही. टाकीचं खोदकाम झालं, प्लास्टिकचा कागद यायचाय.

---

मातीमोल | १९ डिसेंबर, रात्री ९:२०

सोडलेल्या ओळींनाही आता बोरॉन देऊन टाका, फरक दिसला तेवढा पुरे. मार्चमध्ये माती पुन्हा तपासा. शक्य असेल तर शेंड्याकडून सहाव्या पानाचा देठही द्या. मातीत काय आहे ते अहवाल सांगतो, झाडाने काय उचललं ते देठ सांगतो. पातं नको, नुसता देठ.

---

मधलीआळी | २० डिसेंबर, सकाळी ६:१०

पट्टी उठलेली पहिली चार फळं माझ्याकडे पाठवा. गोडी मी सांगतो.

---

रानवाट | २० डिसेंबर, सकाळी ६:५०

पाठवतो, माकडांनी ठेवली तर. कालच वरच्या ओळीतली पाच फळं अर्धी खाऊन खाली टाकलीत. माकडांवर काही इलाज आहे का कुणाकडे?

---

वजनकाटा | २० डिसेंबर, सकाळी ७:०५

त्यासाठी वेगळा धागा काढा. तीनशे प्रतिसाद होतील आणि इलाज एकही निघणार नाही.